कालवणभातासाठी अंदमान

विनताबाई घाटे साठ वर्षांच्या झाल्या त्या संध्याकाळी, केक कापून झाल्यावर त्यांच्या मुलाने, अमेयने, एक साधा प्रश्न विचारला आणि घाटे कुटुंबाच्या शांत आयुष्याला सुरुंग लागला. आई, तुला काय पाहिजे ते सांग, आज कोणी नाही म्हणणार नाही, असा तो प्रश्न. अशा प्रश्नाला आयांनी काय उत्तर द्यायचं हे वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. 'तुम्ही सगळे सुखात राहा, मला आणखी काय पाहिजे' असं म्हणून पदराने डोळ्यांच्या कडा टिपायच्या असतात. विनताबाईंनी काहीही टिपलं नाही.

"समुद्राच्या काठी बसून ताज्या माशाचं कालवण आणि भात," त्या म्हणाल्या. "पोटभर."

जबलपूरच्या गढ्यातल्या त्या घरात मासा आजवर एकदाच शिरला होता. नात अवंतिका लहान असताना तिच्या इंग्रजी मुळाक्षरांच्या तक्त्यावर 'एफ'च्या चौकटीत बसून. आणि तोही भय्यासाहेबांनी नाइलाज म्हणून चालवून घेतला होता. विनताबाईंचं माहेर मूळचं अलिबागकडचं. लग्नाआधी त्या मासे खात, लग्नानंतर नाही. सोड असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हवे का, असंही कोणी विचारलं नव्हतं.

आता सगळ्यांनी भय्यासाहेबांकडे पाहिलं. भय्यासाहेब घाटे म्हणजे खमरियाच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. तोफगोळ्यांत दारू भरण्याच्या विभागात सगळी नोकरी गेल्यामुळे घरातही ते कुठलीही गोष्ट जपून, दोन पावलं मागे सरकून हाताळत. त्यांनी केकचा तुकडा खाली ठेवला, घसा साफ केला आणि तहाच्या अटी जाहीर केल्या. समुद्राला त्यांची हरकत नव्हती. माशालाही नव्हती, कारण दिलेला शब्द हा दिलेला शब्द. फक्त मासा येईल तेव्हा ते दुसऱ्या टेबलावर बसतील आणि दुसरीकडे पाहतील.

अमेयची बायको रुचिरा कॉलेजात भूगोल शिकवते. समुद्र कुठे कुठे आहे हे तिला माहीत होतं. तिने गोव्याचं नाव काढलं, पण गोव्याला जाऊन आलो असं चारचौघांत सांगायला भय्यासाहेबांना संकोच वाटत होता. मग अंदमान निघालं, आणि ते त्यांनी लगेच उचललं. अंदमानात सेल्युलर जेल आहे. तिथं जाणाऱ्या माणसाच्या हेतूबद्दल कोणी शंका घेत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते कॉलनीत भेटेल त्याला सांगू लागले की आम्ही सहकुटुंब जेलमध्ये जाऊन राहिलो आहोत. ऐकणारे जरा चपापत, मग खुलासा होई.

मजा अशी की जसजसे दिवस जवळ येऊ लागले तसतसा सगळ्यांत जास्त उत्साह भय्यासाहेबांनाच चढला. ते पहाटे उठून ग्वारीघाटावर पोहायला जाऊ लागले. नर्मदेत आयुष्यभर पोहलेल्या माणसाला समुद्राचं काय कौतुक, असं त्यांचं म्हणणं. नर्मदा वाहते, तिच्याबरोबर झटावं लागतं. समुद्र तर बिचारा जागेवरच असतो. त्यांनी फुलाफुलांची अर्धी चड्डी आणली आणि ती घालून गच्चीवर फेऱ्या मारल्या. रुंद काठाची टोपी आणली. अवंतिकाने पाण्याखाली बघायचा चष्मा आणि श्वासाची नळी मागवली आणि पाण्याच्या टाकीत डोकं घालून सराव केला. टाकीत मासे नव्हते, पण एक चमचा सापडला, जो दिवाळीपासून हरवला होता. विनताबाई मात्र शांत होत्या. फक्त स्वयंपाक करता करता त्या गुणगुणायला लागल्या होत्या, आणि हे भय्यासाहेबांच्या नीट लक्षात आलं होतं.

इथे शेजारी बळीराम ढोले यांचा प्रवेश होतो. बळीराम मूळचे अमरावतीकडचे. सरकारी नोकरीत असताना ते प्रवाससवलतीवर एकदा अंदमानला जाऊन आले होते आणि तेव्हापासून बंगालच्या उपसागराची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. ते रोज संध्याकाळी येत आणि एकेक सल्ला देऊन जात. तिथं शाकाहारी माणसाला पाणीसुद्धा गाळून प्यावं लागतं, तेव्हा दशम्या न्या. तिथलं ऊन डोक्यात जातं, कांदा खिशात ठेवा. विमानात कान दुखतात, त्यावर सुक्या खोबऱ्याची वाटी चावत बसणं हा एकच उपाय. भय्यासाहेबांनी दशम्या, कांदे आणि भरपूर खोबरं यांची सोय केली. नारळाच्या बेटांवर जबलपूरहून खोबरं चाललं, याचं कोणालाच काही वाटलं नाही.

मग एका संध्याकाळी बळीरामांनी पोहे संपवता संपवता विचारलं की तिकीट कुठलं काढलं. पोर्ट ब्लेअरचं, भय्यासाहेब म्हणाले. बळीरामांनी बशी हळूच खाली ठेवली.

"भय्यासाहेब, नाराज नका होऊ, पण तुम्ही जाऊन राहिले ते गावच आता नाही राहिलं. सरकारनं नाव बदललं त्याचं. श्रीविजयपुरम. पेपरात आलं होतं."

रुचिराने समजावलं की नाव बदललं तरी गाव जागेवरच आहे. विमान कंपन्या जुनंच नाव वापरतात, काही बिघडत नाही. अमेयने समजावलं. अवंतिकानेही "आजोबा, टेन्शन नका ना घेऊ" असं सांगून पाहिलं. पण उभी नोकरी सरकारी कागदावर काढलेल्या माणसाला, अस्तित्वात नसलेल्या गावाचं तिकीट खिशात घेऊन झोप येणं शक्य नव्हतं. सकाळी ते थेट गढा बाजारात गौतमच्या दुकानात गेले.

तिकिटं गौतमकडूनच काढली होती. फोनवर तिकीट काढण्यावर भय्यासाहेबांचा विश्वास नव्हता. ज्याच्याशी समोरासमोर भांडता येईल अशा माणसाकडूनच वस्तू घ्यावी, असं त्यांचं मत होतं. गौतमच्या दुकानात आधारकार्डापासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळं होई आणि सगळं एकाच वेळी होई. त्याने आधी समजूत घातली. मग भय्यासाहेब स्टुलावर ठाण मांडून बसले आणि मागे रांग वाढू लागली, तेव्हा त्याने "चलो अंकलजी, करेक्शन डाल देते हैं" असं म्हणून कळफलक बडवला आणि नवा कागद हातात दिला. त्यात कुठेतरी श्रीविजयपुरम हा शब्द छापलेला भय्यासाहेबांना दिसला. ते समाधानाने घरी आले. तो शब्द कुठे छापलाय हे बघायचं कोणालाच सुचलं नाही.

ते कोलकात्याच्या विमानतळावर कळलं. हावड्यापर्यंतचा रेल्वेप्रवास उत्तम झाला होता. दशम्या निम्म्या संपल्या होत्या आणि सगळे नव्या कपड्यांत उभे होते. काउंटरवरच्या मुलीने भय्यासाहेबांचा कागद पाहिला, आधारकार्ड पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "सर, आर यू मिस्टर भय्यासाहेब श्रीविजयपुरम?"

गौतमने नव्या गावाचं नाव आडनावाच्या रकान्यात घातलं होतं.

पुढचा बराच वेळ भय्यासाहेबांनी आपण घाटे असल्याचं सिद्ध करण्यात घालवला. माणूस जन्मभर ज्या आडनावाने ओळखला जातो ते सिद्ध करायला त्याच्याकडे फारसं काही नसतं, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं. आधारकार्डावर घाटे होतं, पण तिकिटावर नव्हतं. विनताबाई बायको आहेत हे त्यांनी सांगितलं, तर मुलगी म्हणाली की मॅडम तर घाटे आहेत. अवंतिका इतकी हसत होती की रुचिराने तिला खांबामागे नेलं. शेवटी वरच्या अधिकारी बाई आल्या, गौतमला फोन झाला, कसलातरी मेल आला आणि बाईंनी पेनाने एक सही करून भय्यासाहेबांना त्यांचं आडनाव परत केलं. मशीनमध्ये आणि बोर्डिंग पासवर मात्र श्रीविजयपुरमच राहिलं. त्यामुळे रांगेतल्या एका सद्गृहस्थांनी त्यांच्याशी आपुलकीने तेलुगूत बोलायला सुरुवात केली, आणि उत्तर मिळेना तेव्हा आपली भाषा विसरलेल्या माणसाबद्दल वाटावं तसं वाईट वाटून ते गप्प बसले.

एवढ्यावर भागलं असतं, पण सामानाच्या तपासणीत खोबरं सापडलं. सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यात तेल असतं, ते ज्वालाग्राही धरलं जातं. तपासणीच्या जवानाने हे अगदी सौम्यपणे सांगितलं. पण भय्यासाहेबांच्या स्वाभिमानाला आडनावाच्या ठिकाणी आधीच खरचटलं होतं, आणि आता तर त्यांच्या विद्येवरच घाला आला होता. ज्वालाग्राही काय असतं हे आपल्याला कोणी शिकवू नये, असं त्यांनी हिंदीत सुनावलं आणि पुढे ताठ मानेने, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाले, "हमने पूरी जिंदगी बम भरे हैं."

विमानतळावर काही शब्द असे असतात की ते कुठल्याही वाक्यात चांगले दिसत नाहीत. क्षणात भय्यासाहेबांच्या भोवती चार जवान उभे राहिले आणि त्यांना मोठ्या सन्मानाने एका बाजूच्या खोलीत नेण्यात आलं. अमेय मागे धावला. निर्माणीचं निवृत्तीचं ओळखपत्र सुदैवाने पाकिटात होतं, त्यावर घाटे असंच लिहिलेलं होतं. आतल्या साहेबांचे मामा जबलपूरच्या तोफखान्यात होते असं निघालं, आणि मग चहा आला. भय्यासाहेब बाहेर आले ते जणू सत्कार होऊन आल्यासारखे. विनताबाईंनी फक्त एवढंच विचारलं की मुक्कामाला पोचायला अजून किती अडथळे आहेत. खोबरं तिथेच राहिलं. विमानात भय्यासाहेबांचे कान दुखले नाहीत, पण हे त्यांनी बळीरामांना कधीच सांगितलं नाही.

खिडकीतून बेटं दिसली तेव्हा मात्र सगळं विसरायला झालं. निळ्या पाण्यात कोणीतरी हिरव्या मुगाची मूठ सांडावी तशी ती दिसत होती. काठाशी पाण्याचा रंग इतका वेगळा की अवंतिका खिडकीला नाक लावून "आजी, ये रियल आहे का?" असं सारखं विचारत राहिली. विनताबाईंनी भय्यासाहेबांच्या बाहीला धरलं होतं आणि ते त्यांच्या स्वतःच्या ध्यानातही नव्हतं.

आधी जेल झालं, कारण कॉलनीला तसा शब्द दिलेला होता. तिथं भय्यासाहेब कोठडीसमोर बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग मोठ्या बोटीने सगळे स्वराज द्वीप या बेटावर आले. किनाऱ्याजवळ नारळीच्या झाडांत त्यांच्या झोपड्या होत्या, आत वातानुकूलन असलेल्या. सामान टाकून सगळे जे सुटले ते थेट पाण्याकडे. पांढरी वाळू, मागे उंच झाडी आणि समोर तो. विनताबाई साडी पोटऱ्यांपर्यंत खोचून लाटेत उभ्या राहिल्या, आणि पायाखालची वाळू सरकली तेव्हा मोठ्याने हसल्या. रुचिराने असं हसू लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळीच कालवणभात खायचा असं ठरलं. भय्यासाहेबांनी आपलं दुसरं टेबलसुद्धा हेरून ठेवलं.

त्याआधी त्यांना समुद्राशी ओळख करून घ्यायची होती. फुलाफुलांची चड्डी घालून, टोपी काठावर ठेवून ते छातीभर पाण्यात गेले आणि काठावरच्या अवंतिकाला पोहण्याचं शास्त्र समजावू लागले. लाट येताना तिच्याकडे पाठ करायची. शरीर सैल सोडायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तोंड बंद ठेवायचं. हे महत्त्वाचं असल्यामुळे त्यांनी ते लाटेच्या गर्जनेच्या वर ओरडून सांगितलं. नर्मदामैया माणसाचं बोलणं पुरं होऊ देते. समुद्राला तेवढा धीर नाही. लाट आली, भय्यासाहेब उलटेपालटे होऊन वर आले, खोकले, नाकातून पाणी काढलं, आणि मग त्यांना तोंडात काहीतरी फार मोकळं मोकळं वाटलं.

त्यांची वरची कवळी, नवीन, जबलपूरच्या राइट टाउनमधल्या डॉक्टरांकडून खास मापाने करून घेतलेली, समुद्राने नेली होती.

थोडा वेळ त्यांनी कोणाला न सांगता पायांनी वाळू चाचपून पाहिली. मग तोंडावर टॉवेल धरून ते किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाच्या चौकीकडे गेले. घरच्यांच्या आधी सरकारला कळवावं हा त्यांचा स्वभाव. डोळे खाऱ्या पाण्याने लाल होऊन वाहत होते, आवाज टॉवेलमध्ये घुसमटत होता आणि वरचे दात नसल्याने अक्षरं हवी तिथे अडत नव्हती. त्यांनी सांगितलं की मेरे दाँत बह गए. चौकीतल्या तरुणाला ऐकू आलं की मेरे साथ के बह गए. तो ताडकन उठला. किती होते, त्याने विचारलं. प्रश्न भय्यासाहेबांना जरा विचित्र वाटला, पण सरकारी चौकशीत तपशील लागतो हे ते जाणून होते.

"पूरे चौदह," ते टॉवेलमधून म्हणाले. "ऊपर के सब."

त्यानंतर जे झालं ते त्या किनाऱ्यावर अजून सांगतात म्हणे. शिट्ट्या वाजल्या. लाल झेंडे वर गेले. पोहणाऱ्या सगळ्या प्रवाशांना पाण्याबाहेर काढलं, एक रबरी बोट पाण्यात घुसली आणि दोन जीवरक्षक दोर कमरेला बांधून धावले. नुकतीच लग्नं झालेली जोडपी एकमेकांना बिलगली. गुजरातच्या एका मोठ्या सहलीच्या म्होरक्याने आपल्या माणसांची मोजणी सुरू केली, आणि एक माणूस कमी भरल्यावर तिथंही रडारड झाली. तो माणूस नंतर शहाळ्याच्या गाडीपाशी सापडला. भय्यासाहेब भारावून गेले होते. एका कवळीसाठी केंद्रशासित प्रदेशाने एवढी यंत्रणा कामाला लावावी हे त्यांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी चौकीतल्या तरुणाला सांगायचा प्रयत्न केला की इतकी धावपळ नको, जुना एक सेट घरी आहे. तरुणाने त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि पाणी दिलं.

घोळ विनताबाईंनी सोडवला. गर्दी पाहून त्या आल्या, नवऱ्याला सुखरूप पाहिलं, आणि कोण बुडालं म्हणून विचारलं. चौदा जण, तरुण म्हणाला, अंकलजींचं सगळं कुटुंब. विनताबाईंनी आपल्या कुटुंबाकडे पाहिलं, ते तिथेच उभं होतं. मग त्यांनी भय्यासाहेबांच्या तोंडावरचा टॉवेल खाली ओढला.

किनाऱ्यावर हशा पिकला. जीवरक्षक मात्र सज्जन निघाला. त्याने हसू गिळून, सापडलेल्या वस्तूंची पेटी समोर आणली. त्यात गॉगल होते, जोडीतल्या एकेकट्या चपला होत्या, आणि खरोखर एक कवळीही होती. भय्यासाहेबांनी ती दुरूनच पाहिली आणि आपली नाही म्हणून सांगितलं. तरीही तरुण घालून बघायचा आग्रह करत होता. तेवढा अपमान मात्र त्यांनी टाळला.

"आजोबा," परतताना अवंतिका म्हणाली, "अब कोई मछली तुमचे दात लावून हसत असेल."

भय्यासाहेब त्या दिवशी कोणाशीच बोलले नाहीत, कारण बोललं की सुटी अक्षरं बाहेर पडत. पण बेट लहान असतं. सकाळी नाश्त्याला मालकाने 'चौदह वाले अंकल' म्हणून हाक मारली. बोटीवाल्याने सलाम केला. गुजरातच्या सहलीतल्या बायकांनी, तुमच्यामुळे आमचा कांतिभाई सापडला, म्हणून पेढे आणले. पेढे मऊ होते, तेवढंच सुख.

खरी अडचण जेवणाची होती. दशम्या आता दगडासारख्या झाल्या होत्या. भय्यासाहेबांना दहीभात, खिचडी आणि शहाळ्याची मलई एवढंच चालत होतं. तो दहीभात बाजाराच्या टोकाला एका शाकाहारी भोजनालयात मिळे, आणि ते एकटे कसे जेवतील म्हणून विनताबाई तिथंच त्यांच्यासोबत बसत. पोरं समुद्रकाठी खेकडे, कोळंबी खाऊन येत, बोटं चाटत वर्णन करत. विनताबाई ऐकून घेत आणि म्हणत, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या बघू. रुचिराने एकदा सासूला बाजूला घेऊन सांगितलं की आई, तुम्ही चला, बाबा जेवतील त्यांचं ते. विनताबाई म्हणाल्या की त्यांना आधीच ओशाळं वाटून राहिलं आहे, त्यात आणखी कशाला.

हे भय्यासाहेबांनी ऐकलं. दात गेले होते, कान शाबूत होते. आणखी एक गोष्ट त्यांना ऐकू येत नव्हती, ती जास्त लागली. विनताबाईंचं गुणगुणणं थांबलं होतं.

परतीच्या आदल्या दिवशी घरची सगळी मंडळी काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघायला गेली. भय्यासाहेब डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले. बोट लांब गेल्याची खात्री केल्यावर त्यांनी टोपी घातली आणि किनाऱ्यावरच्या पूर्णिमादीदींच्या टपरीवर गेले. वर झावळ्यांचं छप्पर, वाळूत मांडलेली टेबलं आणि मागे चूल. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मासा मागितला. आमच्या मिसेससाठी पाहिजे, सगळ्यांत चांगला, असं त्यांनी अक्षर अक्षर सावरत सांगितलं. पूर्णिमादीदींनी बर्फाची पेटी उघडली आणि कुठला, म्हणून विचारलं.

मासा कसा निवडतात याची भय्यासाहेबांना काहीच कल्पना नव्हती, पण अडाणी दिसणं त्यांना मान्य नव्हतं. टरबूज निवडताना करतात तसं त्यांनी दोन-तीन माशांवर टिचकी मारून पाहिली, कान देऊन ऐकलं, आणि मग एका लालसर, सगळ्यांत झगमगीत माशाकडे बोट दाखवलं. पूर्णिमादीदींनी पुन्हा विचारलं, पूरा? भय्यासाहेब म्हणाले, पूरा, आधा काम हम नहीं करते. तो मासा पेटीत तिरका ठेवलेला होता आणि त्याची शेपटी काठावरून शेजारच्या पेटीत गेली होती, हे त्यांनी पाहिलं नाही.

मंडळी बोटीतून उतरली तेव्हा भय्यासाहेब धक्क्यावर उभे होते. काहीही न सांगता त्यांना घेऊन ते टपरीवर आले, विनताबाईंची खुर्ची समुद्राकडे तोंड करून लावली आणि स्वतः ठरल्याप्रमाणे शेजारच्या टेबलावर, पाठ करून, दहीभात घेऊन बसले.

मासा यायला लागला. आधी कालवणाचं एक पातेलं आलं. मग दुसरं. मग तळलेल्या तुकड्यांचं ताट. मग दोघांनी धरून आणलेलं डोकं. अमेयने विचारलं की बाबा, लग्नाची पंगत आहे का. भय्यासाहेब समुद्राकडे पाहत म्हणाले की तुझ्या आईने पोटभर म्हटलं होतं.

विनताबाईंनी भात कालवला. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. त्यांची बोटं मात्र चालू होती, काटा अलगद वेगळा होत होता आणि ताटाच्या कडेला एका ओळीत जाऊन बसत होता. इतक्या वर्षांत ती बोटं काहीही विसरली नव्हती. तिसऱ्या-चौथ्या घासाला त्या गुणगुणायला लागल्या.

शेजारच्या टेबलावरची खुर्ची थोडी तिरकी झाली. मग आणखी थोडी. मग ती वाळूत रुतत रुतत या टेबलापाशी आली, भय्यासाहेबांसकट.

"कसा असतो?" त्यांनी विचारलं. स्वर असा, की जणू केवळ माहितीसाठी.

"मऊ," विनताबाई म्हणाल्या. "दात लागत नाहीत."

अवंतिकाला रुचिराने टेबलाखालून पाय मारला, आणि सगळे अचानक क्षितिजावरच्या एका बोटीकडे फार लक्षपूर्वक बघू लागले. विनताबाईंनी एक तुकडा घेतला, बोटांनी दोनदा चाचपला, एक बारीक काटा काढला, पुन्हा चाचपला आणि भात-रश्शात कालवून तो घास पुढे केला. भय्यासाहेबांनी तो तोफगोळा हाताळावा तसा जपून घेतला. तोंडात ठेवला. मान थोडी मागे सरकली, मग पुढे आली.

"आंबट आहे जरासं," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. आणि ताट पुढे करून, "रस्सा वाढ."

मग विनताबाई काटे काढत राहिल्या आणि भय्यासाहेब खात राहिले. तुकड्यामागून तुकडा. दहीभाताकडे कोणाचंही लक्ष नव्हतं, एका कावळ्याशिवाय. अमेय, रुचिरा, अवंतिका हात धुऊन पाण्याकडे गेले तरी मासा संपायचं नाव नव्हतं. मध्येच भय्यासाहेबांचं लक्ष समोरच्या ताटाकडे गेलं. विनताबाईंचा भात कालवलेला तसाच होता, निवून गेलेला. त्यांची बोटं पुढच्या तुकड्यातला काटा शोधत होती.

भय्यासाहेबांनी त्यांच्या हाताखालचा तो तुकडा काढून त्यांच्याच ताटात ठेवला. पूर्णिमादीदींना हाक मारून गरम भात मागवला.

"तू जेव आधी," ते म्हणाले. "मी थांबतो."

विनताबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि जेवायला लागल्या. भय्यासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माशावरच्या माश्या हाकत, त्यांचं जेवण होईपर्यंत, शेजारी बसून राहिले.